ऑलिव्हर हेविसाईड : काळ्या वायरीमागचा माणूस



मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या अल्लीपूरच्या घरी एक खटपट केली. राऊटर खाली आणि माडीवर रेंज येत नाही. पण जुन्या केबल टीव्हीची काळी वायर भिंतीतून माडीपर्यंत गेलेली होती. केबल बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, वायर मात्र तशीच. मग दोन कोॲक्स अडॅप्टर आणले. एक खाली राऊटरच्या लॅन पोर्टला जोडला आणि दुसरा माडीवर. दिवा लागला, पण स्पीड सारखा पडायचा. शोधता शोधता जिन्याजवळ जुना स्प्लिटर सापडला. त्याचं एक तोंड उघडंच होतं. स्प्लिटर काढून वायर सरळ जोडली आणि काम झालं.

उघड्या तोंडानं असं काय बिघडत होतं? याचं उत्तर ज्यांच्या गणितात आहे, त्या ऑलिव्हर हेविसाईड यांची ही ओळख.

बालपण आणि शिक्षण

ऑलिव्हर यांचा जन्म १८ मे १८५० रोजी लंडनच्या कॅम्डेन टाऊन भागात झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे, घरची परिस्थिती ओढाताणीची. लहानपणी स्कार्लेट फिव्हर झाला आणि ऐकायला कमी येऊ लागलं. त्यामुळे इतर मुलांत मिसळणं जमेना. तरी १८६५ च्या परीक्षेत पाचशेहून जास्त मुलांत ते पाचवे आले. भूमितीत मात्र गुण फारच कमी. सिद्धता पाठ करणं त्यांना आवडत नसे. सोळाव्या वर्षी शाळा सुटली ती कायमची. पुढचं सगळं शिक्षण त्यांनी स्वतःच घेतलं.

तारेची नोकरी

मावशीचे यजमान म्हणजे तारयंत्राचे नामवंत संशोधक चार्ल्स व्हीटस्टन. त्यांच्या ओळखीनं ऑलिव्हर तारखात्याकडे वळले. १८६८ मध्ये डेन्मार्कला आणि नंतर इंग्लंडात न्यूकॅसलला त्यांनी तार ऑपरेटरचं काम केलं. तो काळच तारेचा होता. १८७० मध्ये आपली मुंबईसुद्धा समुद्राखालच्या तारेनं लंडनशी जोडली गेली. पण लांबच्या तारेत संदेश पसरट व्हायचा, एक ठोका दुसऱ्यात मिसळायचा.

याच सुमारास मॅक्सवेल यांचा विजेवरचा मोठा ग्रंथ त्यांच्या हाती पडला. तो समजून घ्यायचाच, या हट्टानं १८७४ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्यांनी नोकरी सोडली आणि आईवडिलांच्या घरी एका खोलीत अभ्यासाला बसले. पुन्हा नोकरी कधी केलीच नाही.

मोठं काम

१८८० मध्ये त्यांनी एका केबलचं पेटंट घेतलं. मधोमध तार आणि तिच्याभोवती नळीसारखा दुसरा वाहक. शेजारच्या तारेची गडबड आत येऊ नये, ही कल्पना. आपली डिशची वायर याच जातीची.

मॅक्सवेल यांची वीस समीकरणं त्यांनी चारवर आणली. आज कॉलेजात शिकवतात ती हीच चार. आपण मुलांना सांगतो की नळात पाणी वाहतं तशी तारेत वीज वाहते. हेविसाईड यांनी दाखवलं की संदेश लहरीच्या रूपानं तारेभोवतीच्या जागेतून जातो, तार फक्त वाट दाखवते. तारेच्या अडवण्याला इम्पीडन्स हा शब्दही त्यांनीच १८८६ मध्ये दिला. आपल्या टीव्हीच्या वायरीचा तो ७५ ओहम असतो. वाटेत तो अचानक बदलला, की विहिरीच्या काठावर आदळलेल्या लाटेसारखी लहर थोडी मागे फिरते. माझ्या स्प्लिटरच्या उघड्या तोंडाशी हेच होत होतं. म्हणून रिकामं तोंड ठेवायचंच असेल तर त्यावर ७५ ओहमचं टोपण लावतात.

उपेक्षा

१८८७ मध्ये त्यांनी सांगितलं की तारेत ठराविक अंतरावर वेटोळी बसवली तर आवाज दूरवर स्पष्ट जाईल. ब्रिटिश टपालखात्यातले मोठे अधिकारी विल्यम प्रीस यांना हे साफ नामंजूर होतं. हेविसाईड यांचे भाऊ त्याच खात्यात होते. दोघांनी मिळून लिहिलेला लेख अडवला गेला. पुढे अमेरिकेत हीच युक्ती चालली, पण पेटंट आणि पैसा मायकेल प्युपिन यांना मिळाला.

यात हेविसाईड यांचीही एक बाजू लंगडी होती. ते लिहायचे फार अवघड आणि विरोधकांना टोमणे मारायचे. बरोबर असणं आणि समोरच्याला समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण शिक्षकांनी हे विसरू नये.

शेवटची वर्षं

१८९१ मध्ये रॉयल सोसायटीनं त्यांना सदस्य केलं. मदत म्हणून दिलेले पैसे त्यांनी नाकारले, पण १८९६ मध्ये वर्षाला १२० पौंडांची सरकारी पेन्शन स्वीकारली. १९०२ मध्ये त्यांनी सुचवलं की आकाशात उंच, रेडिओ लहरी परतवणारा एक थर असावा. १९२४ च्या अखेरीस ॲपल्टन यांनी तो प्रयोगानं सिद्ध केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, हेविसाईड टॉर्की इथं वारले. लग्न केलं नव्हतं, शेवटी एकटेच राहायचे.

वर्गात आणि घरी

जुन्या वायरीचा वीतभर तुकडा मोठ्या माणसानं कापून वर्गात न्यावा. मधली तार, पांढरा थर, चकाकता पत्रा, जाळी आणि काळं आवरण मुलांना बोटानं दाखवावं.

घरी असा प्रयोग करायचा असेल तर डीटीएच चालू असलेल्या वायरीवर करू नका. दोघांच्या लहरी बहुधा एकाच पट्ट्यात येतात. बाहेरून आलेली केबलवाल्याची लाईन आधी सोडवा आणि अडॅप्टरचा पासवर्ड बदला, नाहीतर आपलं नेटवर्क शेजाऱ्याच्या घरात जायचं.

आणि हो, वर्गात एखादं लेकरू हाक मारली तरी वळत नसेल, तर त्याला ढ म्हणण्याआधी पुढच्या बाकावर बसवा आणि पालकांना कान तपासून घ्यायला सांगा. मी हे या वर्षीपासून सुरू केलं आहे.