विश्लेषण : सिकंदराबादेत १८९७ साली डासाचे कोणते गुपित उघडले? लातूर-नांदेडच्या पिंपाशी त्याचा संबंध काय?

नांदेडहून रात्री गाडीत बसले की सकाळी सिकंदराबाद येते. याच शहरात २० ऑगस्ट १८९७ रोजी एका लष्करी डॉक्टरने डासाचे पोट फाडून पाहिले आणि हिवताप कसा पसरतो, या जुन्या कोड्याचा धागा हाती लागला. या डॉक्टरचे नाव रोनाल्ड रॉस. तेव्हा नांदेड आणि लातूर हा सारा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. २० ऑगस्ट हा दिवस आज जगभर ‘जागतिक डास दिन’ म्हणून पाळला जातो. घराघरांत भुणभुणणाऱ्या या कीटकाची आणि त्याच्यामागे लागलेल्या माणसाची ही गोष्ट.

व्हायचे होते लेखक, झाले डॉक्टर

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे झाला. वडील ब्रिटिशांच्या भारतीय सैन्यात अधिकारी होते. दहा भावंडांत रोनाल्ड थोरले. आठव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला धाडण्यात आले. त्यांचा ओढा कविता, चित्रकला, संगीत आणि गणित यांकडे होता. पण मुलाने डॉक्टर व्हावे, हा वडिलांचा हट्ट होता. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्यांनी शिक्षण घेतले, तेही फारसे मन न लावता. एका परीक्षेत नापास झाल्यावर काही काळ त्यांनी जहाजावर डॉक्टरकी केली. अखेर १८८१ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. नोकरीत असतानाही त्यांचे कादंबरी आणि कविता लिहिणे सुरूच होते.

बंगळूरच्या पिंपात काय सापडले?

१८८३ मध्ये बंगळूरला असताना रॉस यांच्या बंगल्यात डासांनी उच्छाद मांडला होता. खिडकीबाहेरच्या पाण्याच्या पिंपात त्यांना अळ्या वळवळताना दिसल्या. त्यांनी पिंप उलटे केले आणि डास कमी झाले. छावणीतली इतर भांडीही अशीच रिकामी करावीत, असे त्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्याला सुचवले. निसर्गाने डास निर्माण केले म्हणजे त्यांचा काहीतरी उपयोग असणारच, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्याने ही सूचना उडवून लावली. डासांचा हिवतापाशी संबंध असेल, हे तेव्हा रॉस यांच्याही डोक्यात नव्हते.

दोन वर्षे चुकीच्या डासांवर

‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ इटालियन अर्थ ‘वाईट हवा’. दलदलीच्या दूषित हवेने हा ताप येतो, असाच समज शतकानुशतके होता. १८८० मध्ये फ्रेंच डॉक्टर लाव्हराँ यांना अल्जेरियात रुग्णाच्या रक्तात या रोगाचा परजीवी दिसला. पण तो माणसाच्या शरीरात शिरतो कसा, हे कळत नव्हते. १८९४ मध्ये लंडनला रॉस यांची डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांच्याशी भेट झाली. डासाचा यात हात असावा, असा मॅन्सन यांचा कयास होता. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिणाऱ्याला रोग होतो, असे त्यांना वाटे. अंदाज निम्मा बरोबर होता, निम्मा चूक.

१८९५ मध्ये रॉस सिकंदराबादला आले आणि रुग्णांना डास चाववून ते एकेक डास चिरून पाहू लागले. हाती काहीच लागेना. कारण साधे होते. ते राखाडी आणि अंगावर पट्टे असलेले डास तपासत होते. आजच्या भाषेत सांगायचे तर ते क्युलेक्स आणि एडिस जातीचे डास होते. माणसाचा हिवताप हे दोन्ही डास पसरवत नाहीत. मधल्या काळात कॉलऱ्याच्या कामासाठी त्यांची बंगळूरला बदली झाली. १८९७ च्या उन्हाळ्यात उटीजवळच्या खोऱ्यात डासांचा शोध घेताना त्यांना स्वतःलाच हिवतापाने गाठले.

२० ऑगस्टला काय दिसले?

सिकंदराबादला परतल्यावर पंखांवर ठिपके असलेल्या डासांच्या अळ्या त्यांच्या हाती आल्या. त्या वाढवून तयार झालेले डास १६ ऑगस्टला हुसेन खान या हिवतापाच्या रुग्णाला चावू देण्यात आले. दर डासामागे त्याला एक आणा मिळाला. पुढचे चार दिवस कठीण होते. उकाडा असह्य, पण पंखा ओढायची सोय नाही, कारण वाऱ्याच्या झुळकीने चिरलेला डास उडून जायचा. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते आणि भिंगाला तडा गेला होता.

मोजकेच डास शिल्लक असताना, २० ऑगस्टच्या दुपारी, एका डासाच्या पोटाच्या भिंतीत गोल पेशी दिसल्या. त्यांत हिवतापाच्या परजीवीमध्ये असतात तसेच काळे कण होते. दुसऱ्या दिवशी आणखी एका डासात त्याच पेशी दिसल्या, त्याही आधीपेक्षा मोठ्या झालेल्या. म्हणजे परजीवी डासाच्या शरीरात वाढत होता. ठिपकेदार पंखांचा हा डास म्हणजे अ‍ॅनाफिलीस.

माणसाऐवजी चिमण्या

शोध पुढे नेण्याआधीच सप्टेंबरमध्ये रॉस यांची बदली राजपुतान्यात खेरवाड्याला झाली. तिथे हिवतापाचे रुग्णच फारसे नव्हते. पुढे १८९८ च्या सुरुवातीला त्यांना कलकत्त्यात संशोधनासाठी नेमण्यात आले. माणसांवर प्रयोग करणे अवघड झाल्याने त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापाचा मार्ग धरला. जुलैमध्ये त्यांना परजीवी डासाच्या लाळग्रंथींत सापडला. असे डास निरोगी चिमण्यांना चावू दिल्यावर त्या आजारी पडल्या. रोग पाण्यातून नव्हे, तर थेट डासाच्या दंशातून पसरतो, हे सिद्ध झाले. त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या बाबतीत अ‍ॅनाफिलीसची भूमिका पक्की केली. श्रेय कोणाचे, यावरून रॉस आणि ग्रासी यांच्यात कडवट वाद झाला. १९०२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मात्र एकट्या रॉस यांना मिळाले.

सगळे डास मारण्याची गरज आहे का?

रॉस यांचे दुसरे मोठे काम फारसे चर्चेत नसते. तरुणपणी आवडलेले गणित त्यांनी डासांवर वापरले. डासाने आधी रुग्णाला चावायला हवे, मग परजीवी तयार होईपर्यंत साधारण दहा ते चौदा दिवस जगायला हवे आणि त्यानंतर दुसऱ्या माणसाला चावायला हवे. बहुतेक डास एवढे जगतच नाहीत. त्यामुळे शेवटचा डास मारण्याची गरज नाही. त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली की हिवताप आपोआप ओसरतो, असे त्यांनी आकडेमोड करून मांडले. साथरोगांच्या आजच्या गणिताचा पाया या कामावर उभा आहे. सिएरा लिओन, इस्माइलिया, मॉरिशस अशा ठिकाणी जाऊन साचलेले पाणी हटवण्याचा आग्रह त्यांनी धरला. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

घरातले तीन डास कसे ओळखायचे?

रॉस यांना चकवणारे तिन्ही प्रकारचे डास मराठवाड्यात आजही आहेत.

• अ‍ॅनाफिलीस : भिंतीवर बसताना शेपटाकडचा भाग वर उचलून तिरका बसतो. संध्याकाळनंतर चावतो. तुलनेने स्वच्छ पाण्यात, विहिरीत, टाकीत अंडी घालतो. हिवताप पसरवतो.

• एडिस : काळा, पायांवर पांढरे पट्टे. दिवसा चावतो. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवतो. याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि पाणी आटल्यावरही महिनोन्‌महिने तग धरतात.

• क्युलेक्स : गटारीच्या घाण पाण्यात वाढतो, रात्री चावतो. हत्तीरोग पसरवतो. राज्यातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत नांदेड आणि लातूर यांचीही नावे आहेत.

तिघांतही चावते ती फक्त मादी. अंडी तयार करण्यासाठी तिला रक्तातली प्रथिने लागतात. नर फुलांचा आणि झाडांचा गोड रस पिऊन जगतो. अंधारातही मादी माणसाला शोधते ती श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड, शरीराची ऊब आणि घामाचा वास यांवरून.

लातूरला हे का महत्त्वाचे?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. नळाला आठ-दहा दिवसांआड पाणी येते, तेव्हा प्रत्येक घर पिंप, हौद, ड्रम, घागरी भरून ठेवते. त्यात कोणाची चूक नाही. मात्र अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला उकाड्यात आठ-दहा दिवसच लागतात. म्हणजे पाण्याची एक पाळी आणि डासांची एक पिढी यांचा हिशेब जवळजवळ सारखाच. डास वाढतात ते केवळ पावसाळ्यात, हा समज म्हणूनच अपुरा आहे. टंचाईतही त्यांची सोय होते.

आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, असे आरोग्य विभाग सांगतो, त्यामागे हेच गणित आहे. सात दिवसांत एकदा भांडे रिकामे झाले तर अळी डास होण्याआधीच संपते. पण नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही; एडिसची अंडी कडेला चिकटलेली असल्याने भांडे आतून घासून, पुसून कोरडे करावे लागते. टंचाईत पाणी फेकणे परवडत नसेल, तर ते दुहेरी कापडातून गाळून घासलेल्या दुसऱ्या भांड्यात घ्यावे आणि तोंड कापडाने घट्ट बांधावे. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडता येतात. कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली आणि गच्चीवरचे जुने टायर या जागा हमखास विसरल्या जातात.

बंगळूरच्या त्या अधिकाऱ्याने १८८३ मध्ये नाकारलेला उपाय हाच होता. त्याला पैसा लागत नाही, औषध लागत नाही. लागतात ती फक्त आठवड्यातली दहा मिनिटे, आणि तीही एकट्या घराची नव्हे, तर सगळ्या गल्लीची. शेजारच्या पिंपातल्या डासाला घराची हद्द कळत नाही.