गुरूंनी सांगितलं म्हणून शायरी सोडली, पण औरंगाबादच्या सिराजची गझल आजही नव्यानं गायली जातेय

सूफी गाणी ऐकणाऱ्यांच्या प्लेलिस्टमध्ये एक गझल हमखास सापडते. 'खबर-ए-तहय्युर-ए-इश्क'. कुणी ती आबिदा परवीन यांच्या आवाजात ऐकलेली असते, कुणी फरीद अयाज आणि अबू मुहम्मद यांच्या कव्वालीत, तर नव्या पिढीनं अली सेठीकडून.

हे सगळे गायक पाकिस्तानचे. त्यामुळं गझलही तिकडचीच असणार असं वाटू शकतं. पण ती लिहिणारा माणूस आपल्या मराठवाड्यातला. आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादचा.

नाव सिराज औरंगाबादी.

सय्यद सिराजुद्दीन यांचा जन्म १७१२ च्या आसपासचा. काही अभ्यासक १७१५ साल मानतात. औरंगजेबाच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम काही वर्षं झाली होती. पुढं १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्कनं दख्खनमध्ये आपला जम बसवला आणि औरंगाबाद त्याची राजधानी झाली. शहरात सरदार होते, सूफी होते आणि शायरीही होती. उर्दू गझलेचा पाया घालणारे वली दख्खनी याच शहराशी जोडलेले.

सिराज बारा-तेरा वर्षांचे असताना त्यांच्यावर एक वेगळीच अवस्था ओढवली. कपड्यांची शुद्ध नाही, घरादाराची ओढ नाही. सूफी भाषेत याला 'जज्ब' म्हणतात, साध्या मराठीत लोक वेड म्हणतील. ही अवस्था तब्बल सात वर्षं टिकली. हा मुलगा शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर असलेल्या खुलताबादला जायचा आणि सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या परिसरात रात्री काढायचा.

याच काळात, १७२८ मध्ये, पहिल्या बाजीरावांनी वैजापूरजवळच्या पालखेडला निजामाची कोंडी केली होती. सगळा मुलूख लढाईच्या धामधुमीत, आणि हा पोरगा आपल्याच तंद्रीत.

त्या तंद्रीत त्यांच्या तोंडून फारसी ओळी बाहेर पडायच्या. पण त्या टिपून ठेवायला जवळ कुणी नव्हतं. त्यातल्या बहुतेक कायमच्या हरवल्या.

सात वर्षांनी ते सावरले आणि चिश्ती परंपरेतले सूफी शाह अब्दुल रहमान यांचे शिष्य झाले. तिथं त्यांना अब्दुल रसूल खान हे गुरुबंधू भेटले. त्यांच्या आग्रहामुळं सिराज उर्दूत लिहू लागले. पुढची पाचेक वर्षं त्यांनी गझलांमागून गझला लिहिल्या.

या वेळी मात्र त्या हरवल्या नाहीत. अब्दुल रसूल खान यांनी त्या गोळा केल्या आणि १७३९ च्या सुमारास त्यांचा दीवान, म्हणजे संग्रह, तयार केला.

आणि मग गुरूंनी शायरी सोडायला सांगितलं.

सिराज यांचं वय तेव्हा पंचवीस ते अठ्ठावीसच्या दरम्यान. नाव होऊ लागलेलं. तरी त्यांनी गुरूंचं ऐकलं आणि गझल थांबवली. पुढं १७४७ मध्ये 'बोस्तान-ए-खयाल' ही मोठी मसनवी त्यांनी लिहिली, फारसी कवींच्या निवडक रचनांचं संकलनही केलं. पण गझलांचा तो झरा आटला तो आटलाच. १७६३-६४ च्या सुमारास ते गेले. त्याच सुमारास निजामाची राजधानीही औरंगाबादहून हैदराबादला हलली.

आता त्या गझलेकडं येऊ.

वरवर पाहिलं तर ती प्रेमाची गझल. पण तिच्यात नेहमीचा विरह नाही. प्रेमाच्या त्या टोकाला ना प्रेम करणारा उरतो, ना ज्याच्यावर प्रेम केलं तो. मागं उरते ती फक्त एक थक्क करणारी शांतता. अक्कल, शहाणपण, पुस्तकी ज्ञान सगळं बाजूला पडतं. सात वर्षं स्वतःचंच भान हरपलेल्या माणसानं हे लिहिलंय, हे कळलं की त्या ओळी नुसती कल्पना वाटत नाहीत.

ती इतकी गायली का जाते, याचं एक कारण तिच्या वृत्तात आहे. या वृत्ताला 'बहर-ए-कामिल' म्हणतात. एकच तुकडा प्रत्येक ओळीत चार वेळा येतो, त्यामुळं शब्दांना आपोआप झोका मिळतो. बेगम अख्तर यांनी गायलेली मोमिन यांची 'वो जो हम में तुम में' याच वृत्तातली. शब्द अवघड असले तरी लय लगेच मनात बसते.

आणि प्रत्येक गायक त्या झोक्याचं वेगळं काहीतरी करतो.

सिंधच्या आबिदा परवीन ती दर्ग्यातल्या फकिरासारखी गातात. सावकाश, एकेका शब्दाला आळवत. फरीद अयाज यांचा जन्म हैदराबादचा, म्हणजे दख्खनचाच. त्यांच्या कव्वालीत टाळ्या आणि कोरस येतो, एकट्याचं दुःख सगळ्या मैफलीचं होतं. अली सेठीच्या गाण्यात आधुनिक वाद्यमेळ आहे, हेडफोन लावून एकट्यानं ऐकावं असं.

शब्द तेच. एकाकडं ती प्रार्थना होते, दुसऱ्याकडं मैफल, तिसऱ्याकडं मनातलं गुपित.

सिराज या शब्दाचा अर्थ दिवा. खुलताबादच्या रात्रींमधल्या फारसी ओळी कुणी लिहून ठेवल्या नाहीत, त्या विझल्या. एका गुरुबंधूनं ज्या जपून ठेवल्या, त्या आज कराचीपासून न्यूयॉर्कपर्यंत ऐकल्या जातात. पुढच्या वेळी ही गझल कानावर पडली, तर गाणाऱ्याच्या नावासोबत लिहिणाऱ्याचं गावही आठवा.