रामकृष्ण गोपाळ भांडारकर

भांडारकरांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील मालवण येथे झाला. वडील महसूल खात्यात कारकून होते. १८४७ मध्ये त्यांची रत्नागिरीस बदली झाली, म्हणूनच मुलाला इंग्रजी शाळा लाभली. सारस्वत ब्राह्मण कुळामुळे शाळेचे दार त्यांना खुले होते. कोकणातील बहुसंख्य मुलांना ते नव्हते, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

१८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत ते न्यायमूर्ती रानडे यांच्यासमवेत होते. पुढे रत्नागिरी हायस्कुलाचे मुख्याध्यापकपद सांभाळून ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक झाले. त्यांची संस्कृत पाठ्यपुस्तके तोवर शाळांतून रुळली होती. तथापि पद कायम भरताना सरकारने विलायतेहून आलेल्या पीटर पीटर्सन यांना नेमले आणि भांडारकर त्यांचे साहाय्यक राहिले. वरिष्ठ शैक्षणिक पदे व्यवहारात युरोपीयांकडेच जात. विद्वत्तेचा निकष वर्णापुढे दुय्यम ठरे. या अपमानाचे उत्तर भांडारकरांनी संशोधनाने दिले, असे म्हणणे सोपे आहे. पण मधली वर्षे दुय्यम पदावर गेली, ती परत मिळाली नाहीत.

अखेर १८८२ मध्ये कीलहॉर्न यांच्या जागी पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाली. १८८५ मध्ये जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. १८९३ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांचा ग्रंथसंग्रह आज पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आहे.