पडद्याला स्वभाषा देणारा गोदी कामगार

देश स्वतंत्र झाला म्हणजे झेंडा एका रात्रीत बदलतो. कचेरीतील भाषा, अंमलदारांचा साहेबी रुबाब आणि जनतेच्या मनातील न्यूनगंड बदलावयास पिढ्या लागतात. १९६० साली फ्रेंच अमलातून मुक्त झालेल्या सेनेगलमध्ये या दुखण्यावर ज्यांनी चित्रपटांद्वारे आयुष्यभर बोट ठेवले, त्या उस्मान सेम्बेन यांच्या चरित्राकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. आफ्रिकी चित्रपटाचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते.

सेम्बेन यांचा जन्म १९२३ साली दक्षिण सेनेगलमधील झिगिंशोर येथे एका कोळ्याच्या घरी झाला. शिक्षण अर्धवट राहिले. मासेमारी, गवंडीकाम अशी मिळेल ती कामे त्यांनी केली. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रेंच सैन्यात होते. पुढे मार्सेय बंदरात गोदी कामगार म्हणून राबले. तेथील कामगार चळवळीने त्यांना घडविले. १९५६ मध्ये गोदी कामगाराच्या जीवनावरील त्यांची पहिली कादंबरी निघाली, तर १९४७-४८ च्या डाकार-नायजर रेल्वे संपावरील १९६० च्या कादंबरीने त्यांना कीर्ती मिळवून दिली.

परंतु ही कीर्ती फ्रेंच वाचणाऱ्यांपुरती होती. ज्यांची दुःखे त्यांनी मांडली, त्या बहुसंख्य देशबांधवांना अक्षरओळखही नव्हती. तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावरील हा नामवंत लेखक मॉस्कोस गेला आणि दिग्दर्शक मार्क डोन्स्कोय यांच्या हाताखाली विद्यार्थी होऊन बसला. वसाहतींत चित्रीकरणास सरकारी परवाना सक्तीचा करणाऱ्या १९३४ च्या फ्रेंच फर्मानामुळे आफ्रिकी माणसाच्या हाती कॅमेरा जवळजवळ येऊच शकला नव्हता, हे ध्यानी घेतले म्हणजे या निर्णयाचे मोल कळते.

१९६३ साली डाकारच्या एका गरीब गाडीवानाचा एक दिवस त्यांनी अवघ्या वीस मिनिटांत दाखविला. १९६६ मध्ये फ्रान्समध्ये नेलेल्या सेनेगली मोलकरणीची शोकांतिका आली. पण तिचे संवाद फ्रेंचच होते. ती उणीव १९६८ च्या 'मांडाबी'ने भरून काढली. पॅरिसहून पुतण्याने पाठविलेली मनीऑर्डर सोडवू पाहणारा एक निरक्षर बेकार गृहस्थ ओळखपत्र आणि जन्मदाखला यांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवितो आणि अखेर नागविला जातो. हे सारे वोलोफ भाषेत घडते. स्वतःच्या बोलीत पडदा बोलू लागलेला पाहणे हा त्या प्रेक्षकांना नवाच अनुभव होता.

स्वकीय राज्यकर्त्यांसही त्यांनी सोडले नाही. १९७५ च्या 'खाला'मध्ये परदेशी बाटलीबंद पाण्यावर पोसल्या जाणाऱ्या नवश्रीमंतांची त्यांनी खिल्ली उडविली. चित्रपटास कात्री लागली. १९७७ च्या 'चेद्दो'वर तर बंदीच आली आणि कारण दिले गेले ते शीर्षकातील एका जोडाक्षराचे! अध्यक्ष सेंघोर स्वतः कवी. तरीही लेखनशुद्धीच्या आडून सत्तेने आपले काम साधले. सेम्बेन यांनी मात्र ते अक्षर बदलले नाही. थकलेले वेतन मागणाऱ्या आफ्रिकी सैनिकांवर फ्रेंचांनी १ डिसेंबर १९४४ रोजी थियारोय येथे केलेल्या गोळीबाराचा चित्रपटही त्यांनी १९८८ मध्ये सहदिग्दर्शकासमवेत, फ्रेंच पैशाविना पुरा केला.

वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, २००४ साली, 'मूलादे'मध्ये त्यांनी मुलींच्या सुंतेच्या क्रूर रूढीविरुद्ध उभ्या ठाकलेल्या एका खेडूत स्त्रीची कथा सांगितली. बायका बिघडतात म्हणून तिच्या गावातील पुरुष त्यांचे रेडिओ जाळतात. ९ जून २००७ रोजी डाकार येथे सेम्बेन यांचे निधन झाले.

परकीयांस जाब विचारणे सोपे नसते. आपल्याच माणसांस विचारणे त्याहून कठीण. सेम्बेन यांनी दोन्ही केले आणि तेही लोकांना समजेल अशा भाषेत. गोव्यात २००४ पासून दरवर्षी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. नट-नट्यांच्या दर्शनासाठी लोटणाऱ्या आमच्या रसिकांनी तेथे एखाद्या आफ्रिकी चित्रपटासाठीही दोन तास राखून ठेवावेत. त्यात त्यांना परका मुलूख दिसेल. माणसे मात्र परकी वाटणार नाहीत.