मिरजेचे डॉक्टर वानलेस आणि खाट वाहणारे हात

घरात कोणी आजारी पडले म्हणजे आपला पहिला प्रश्न असतो, डॉक्टर कोण? येथे ग्वाल्हेरच्या थाटीपुरात आम्हीही हेच विचारतो. मध्यरात्री रोग्याची कूस कोण बदलते, शस्त्रक्रियेची हत्यारे कोणी उकळून ठेवली, औषधाची मात्रा कोणी मोजली, हे सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक रोगी बरा होतो तो या सर्व हातांमुळे. ही गोष्ट ओळखून तिच्यावर आपले आयुष्य उभे करणारा एक प्रभूचा सेवक मराठी मुलुखात होऊन गेला. ग्वाल्हेरहून दक्षिणेकडे जाणारी गोवा एक्सप्रेस मिरज जंक्शनावरून पुढे जाते. त्याच मिरजेत त्याने काम केले. त्याचे नाव डॉ. विल्यम जेम्स वानलेस.

वानलेस यांचा जन्म १ मे १८६५ रोजी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकीचे शिक्षण पुरे करून ते १८८९ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे वैद्य म्हणून पत्नी मेरी यांच्यासह हिंदुस्थानात आले. मायदेशी राहते तर उत्तम पैसा व मान त्यांना मिळाला असता. ते सोडून त्यांनी सांगलीस लहानसा दवाखाना घातला आणि काही काळाने मिरजेस मुक्काम हलविला. मिरज हे तेव्हा पटवर्धनांचे संस्थान. तेथील अधिपतींनी जागा दिली, फिलाडेल्फिया येथील आगगाडीची इंजिने बनविणाऱ्या कारखान्याचे जॉन कॉन्व्हर्स या ख्रिस्ती गृहस्थांनी इमारतीसाठी पैसा दिला, आणि १८९४ साली मिशनचे रुग्णालय उभे राहिले.

वानलेस यांचा हात शस्त्रक्रियेत फार कुशल होता. मोतीबिंदूने अंध झालेले लोक दुसऱ्याचा हात धरून येत व आपल्या पायांनी घरी जात. मिरजेस आगगाडी असल्यामुळे त्यांची कीर्ती लांबवर गेली. राजेरजवाडे येत, शेतकरी येत, आणि ज्याला गावात कोणी शिवत नसे असा मनुष्यही येई. कोल्हापूरचे शाहू छत्रपती त्यांचे स्नेही होते.

वाचकहो, अशी कीर्ती मोठी मोहाची असते. सर्व जण माझेच नाव घेतात, माझ्यावाचून येथे काही चालत नाही, हे मनाला गोड लागते. पण एका मनुष्याला दोनच हात असतात. तो आजारी पडला की दरवाजा बंद, तो निघून गेला की काम संपले. वानलेस यांच्यापुढे हाच प्रश्न होता, आणि त्यांनी दिलेले उत्तर हीच त्यांच्या जीवनातील सर्वांत मोठी गोष्ट, असे आम्हांस वाटते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, पाठोपाठ तो दख्खनेत पसरला, आणि त्याच सुमारास दुष्काळही पडला. अशा दिवसांत कोणीही म्हणाला असता, शिकविण्यास वेळ कोठे आहे, आधी रोगी पाहू या. वानलेस यांनी मात्र १८९७ साली ख्रिस्ती तरुणांसाठी वैद्यकीय शिक्षणाचा वर्ग सुरू केला. शिकणारा मनुष्य आरंभी कामाला गती देत नाही, उलट उशीर करतो. जे काम आपण अर्ध्या तासात करू, ते त्याच्याकडून करवून घेण्यास दोन तास लागतात. त्याची चूक आपल्याला निस्तरावी लागते. तो वेळ देणे हेच पुढाऱ्याचे खरे दान होय. पुढे मिरजेत शिकलेले तरुण इतर दवाखान्यांत जाऊन तेथील रोगी पाहू लागले.

परिचारिकांचेही तसेच. त्या काळी परक्याच्या जखमा धुणे, मलमूत्र काढणे हे काम आपल्या समाजात हलके समजत. ख्रिस्ती घरांतील मुलींनी हे काम पत्करले. प्रभूने स्वतः कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, हे ज्यांनी शब्बाथ शाळेत ऐकले होते, त्यांना ते हलके कसे वाटावे? आपण झाडू मारतो, पट्टी बांधतो, ती कोणासाठी हे ज्याला ठाऊक असते, त्याच्यामागे मुकादम उभा करावा लागत नाही.

वानलेस यांच्या वाट्याला दुःखही आले. १९०६ साली त्यांच्या पत्नी मेरी देवाघरी गेल्या. कोल्हापूरच्या मिशन रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. त्या दुःखानंतरही वानलेस मिरजेतच राहिले. कुष्ठरोग्यांसाठी मिरजेत आसरा झाला. क्षयरोग्यांसाठी मिरज व सांगली यांच्या दरम्यान आरोग्यभुवन झाले. तो भाग आजही वानलेसवाडी या नावाने ओळखला जातो. ज्या दोन रोगांच्या माणसांना सख्खे नातलगही दूर ठेवीत, त्यांच्यासाठी ही दारे उघडली.

१९२८ साली सरकारने त्यांना सर ही पदवी दिली, आणि त्याच वर्षी ते निवृत्त होऊन परत गेले. एकोणचाळीस वर्षांची सेवा झाली होती. खरी परीक्षा आता होती. डॉक्टर गेले, आता मिरज ओस पडेल काय? तसे झाले नाही. त्यांच्याबरोबर अनेक वर्षे काम केलेले डॉ. चार्ल्स व्हेल यांनी भार उचलला व रोगी येतच राहिले. ३ मार्च १९३३ रोजी वानलेस अमेरिकेत कॅलिफोर्निया येथे प्रभूमध्ये निजले, तेव्हा मिरजेतील काम चालूच होते. पुढे १९६२ साली मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय निघाले. लोक मिरजेला आरोग्यपंढरी म्हणू लागले. त्या नावात एका डॉक्टरापेक्षा अनेक हातांचे श्रम अधिक आहेत.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षाघाती मनुष्याची गोष्ट आपण मुलांना नेहमी सांगतो. चौघांनी त्याची खाट उचलली, गर्दीमुळे वाट मिळेना म्हणून छप्पर उकलले व त्याला प्रभूपुढे सोडले. त्या चौघांची नावे शुभवर्तमानात नाहीत. एकाने जरी खाटेचा कोपरा सोडला असता तरी तो मनुष्य पडला असता. प्रभूने त्या सर्वांचा विश्वास पाहिला. मिरजेच्या दगडी भिंतीमागे असेच कोपरे धरणारे पुष्कळ होते: औषधे बनविणारे, पाणी तापविणारे, रात्री कंदील घेऊन फिरणारे. वानलेस यांचे मोठेपण असे की एकट्याने खाट उचलून दाखविण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही.

आता आपल्याकडे पाहू या. आपल्या कित्येक मंडळ्यांत एक वडील किंवा एक बाई सर्व काम ओढत असतात. वर्ग त्यांचा, गायन त्यांचे, नाताळचा कार्यक्रमही त्यांचाच. आपण त्यांची स्तुती करतो आणि स्वस्थ बसतो. पुढे त्यांची बदली होते, किंवा देव त्यांना बोलावून घेतो, आणि शब्बाथ शाळेला कुलूप लागते. हा दोष त्यांचाही आहे आणि आपलाही. शिक्षकांनो, येत्या रविवारी एका तरुणाला आपल्या शेजारी उभे करा. त्याला धडा सांगू द्या. तो अडखळेल, मुले हसतील, वेळ जाईल. तरी पुन्हा त्यालाच उभे करा. आजाऱ्याच्या भेटीस जाताना एकटे जाऊ नका. ज्याने कधी आजाऱ्यासाठी प्रार्थना केली नाही अशा एकाला बरोबर न्या.

आपल्यावाचून काम अडले तर त्यात आपले यश नाही. आपण गेल्यावरही ते चालले, तरच ते प्रभूचे काम होते असे समजावे. खाट जड आहे, आणि तिला चार कोपरे आहेत. आपल्या मंडळीत उरलेले तीन कोपरे कोणाच्या हाती द्यावयाचे, हे प्रभू आपणांस दाखवो.