स्वावलंबी संत : आचार्य विनोबा भावे

॥ श्री गुरवे नमः ॥



आपले काम आपण करावे, पैसा वाचवावा, निसर्गाला ओरबाडू नये, हे आपण नेहमी ऐकतो. पण हे ज्यांनी आयुष्यभर जगून दाखवले ते आचार्य विनोबा. आज त्यांच्या चरित्रातला हा भाग पाहू.

११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणातल्या गागोदे गावी जन्म. नाव विनायक. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्याला, म्हणून शिक्षण तिथेच झाले. बडोद्याच्या आपल्या मंडळींना हे आवर्जून सांगायला हवे! आई रुक्मिणीबाई भाविक. अंगणातला फणस पिकला की पहिले गरे शेजारच्या घरांत, मग आपल्या पोरांना. पुढचे सगळे बीज इथलेच.

१९१६ साली आईच्या चुलीपाशी बसून विनायकाने आपली प्रमाणपत्रे जाळून टाकली. परीक्षेसाठी मुंबईला निघालेला मुलगा सुरतेला उतरला आणि थेट काशीला गेला. तिथून गांधीजींशी पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी तो अहमदाबादच्या कोचरब आश्रमात पोहोचला. गांधीजी भाजी चिरत बसले होते. त्यांनी याच्याही हाती सुरी दिली. आश्रमातला पहिला धडा हाच!

१९२१ मध्ये विनोबा वर्ध्याला आले. पुढे नालवाडीत १९३५ च्या सुमारास त्यांनी एक कठीण व्रत घेतले. सूत कातून जी मजुरी मिळेल तेवढ्यातच पोट भरायचे. दिवसाचे आठ-आठ तास कातूनही हाती पडत ते काही आणेच. तेवढ्यात भागेना. तेव्हा कळले की गावोगावच्या कातणाऱ्या बायाबापड्या कशा जगत असतील! त्या काळात मजुरी वाढवण्याचा आग्रह धरला गेला आणि चरखा संघाने ती वाढवलीही. बघा, स्वतः हात लावल्याशिवाय दुसऱ्याच्या कष्टाची किंमत कळत नाही.

असे राबून शरीर पार खंगले. १९३८ मध्ये वजन ८८ पौंडांवर आले. हवापालट म्हणून ते जवळच पवनारला, धाम नदीकाठी राहायला गेले. तिथे औषध काय घेतले? कुदळ! सुरुवातीला रोज पाचच मिनिटे खणायचे, मग हळूहळू वेळ वाढवत नेला. दहाएक महिन्यांत वजन १२८ पौंड झाले. याच जमिनीत खणताना राम-भरत भेटीचे शिल्प सापडले. ते आजही पवनारच्या आश्रमात आहे.

पुढे १९४६ पासून ते रोज खांद्यावर फावडे घेऊन तीन मैलांवरच्या सुरगावला मैला-सफाईला चालत जात. एकदा पावसाळ्यात ओढ्याला पूर आला. पलीकडे जाता येईना. तेव्हा काठावरूनच त्यांनी पलीकडच्या माणसाला हाक मारली आणि गावच्या देवाला निरोप सांगायला लावला, की सफाईवाला येऊन गेला. मगच ते परत फिरले. याला म्हणायचे सेवा!

१९५० मध्ये पवनारला *कांचनमुक्तीचा* प्रयोग सुरू झाला. म्हणजे काय, तर पैशावाचून जगायचे. आश्रमवासीयांनी विहीर स्वतः खणली. बैलांऐवजी माणसांनीच रहाट ओढला. आधी भाजी आपली, मग धान्य आपले, कापड तर आपल्या सुताचे होतेच. अशा वेळी हैदराबादजवळ शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाचे बोलावणे आले. पैसा सोडलेला, तेव्हा मार्च १९५१ मध्ये विनोबा पायीच निघाले. सुमारे ३०० मैल! संमेलन आटोपून तेलंगणात फिरताना १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीन हरिजन कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली आणि गावच्या रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केली. तीच भूदानाची सुरुवात. आगगाडीत बसले असते तर ही गावे वाटेत भेटली असती का?

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारलाच त्यांनी देह ठेवला.

मंडळी, विनोबांची काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. स्वतःवरचा खर्च आणि दुसऱ्यावरचा भार कमी करायचा, म्हणजे देण्यासाठी हात मोकळे राहतात.

*या आठवड्याचा संकल्प :* रोज दुसरे कोणी करते असे घरातले एक काम आपण करायचे. भाजी चिरणे, संडास-मोरी घासणे, फाटलेला कपडा शिवणे, ओल्या कचऱ्याचे खत करणे, काहीही चालेल. लहानांनाही सोबत घ्या. आणि ते काम रोज करणाऱ्याला मनापासून नमस्कार करा.

॥ जय गुरुदेव ॥ 🙏