पंचची म्हातारी टीम

दोस्तांनो, जिंकून देणारी टीम मोडायची कधी? क्रिकेटवरून कट्ट्यावर तुम्ही यावर तावातावानं भांडला असाल. कॅनडातल्या आइस हॉकीत हाच प्रश्न पंच इमलॅकला भारी पडला.

खरं नाव जॉर्ज. जन्म 1918 चा, टोरांटोमधला. 1958 मध्ये तो टोरांटो मेपल लीफ्सचा मॅनेजर झाला आणि कोचही. वय झालेले खेळाडू आणून त्यांच्याकडून घाम गाळून घ्यायचा, ही त्याची खासियत. 1962, 1963, 1964, सलग तीन वर्षं स्टॅन्ली कप! 1967 ला चौथा. तेव्हा गोलकीपर जॉनी बॉवर 42 वर्षांचा होता, बचावपटू अ‍ॅलन स्टॅन्ली 41 चा.

खरं तर टीम बदलायची वेळ तीच होती. पण ज्यांनी कप दिले, त्यांच्यात पंचचा जीव अडकला होता. पुढच्याच सीझनला लीफ्स प्लेऑफमध्येही पोचले नाहीत. त्याच सीझनमध्ये घाईघाईत डेट्रॉइटला दिला कोणाला? तिशीतल्या स्टार फ्रँक माहोव्लिचला! त्यानं नंतर माँट्रियलकडून आणखी दोन कप जिंकले. पंचची नोकरी 1969 मध्ये गेली.

गंमत बघा, 1970 ला बफेलोची कोरी टीम हाती येताच याच पंचनं 19 वर्षांच्या जिल्बेर पेरोला निवडलं. 1975 मध्ये बफेलो फायनलला! म्हणजे पोरांची पारख त्याला होती. जुन्यांना वेळेवर निरोप देणं तेवढं जमलं नाही.

पंच 1987 मध्ये गेला. 1967 नंतर लीफ्सना कप मिळालेला नाही. आता सांगा, तुम्ही असता तर 42 वर्षांच्या बॉवरला काय सांगितलं असतं?